वाड्यांतला नळ

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एका गोष्टीवरून बराच वादविवाद झाला. तो केवळ घरगुती असता तर त्यावर शाई खर्च करण्याचें कारण नव्हतें. परंतु चिखली तालुक्यांतील आमच्या उंद्री गांवीं (हल्ली पुष्कळ जण यास उदयनगर म्हणतात, आमच्या जिभेस अजून जुनेंच नांव गोड लागतें) जें घडलें, तें आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं घडलें असेल किंवा घडावयाचें असेल, म्हणून लिहितों. विषय अगदीं साधा आहे, नळ घेण्याचा.

१५ ऑगस्ट २०१९ रोजीं जलजीवन मिशनची घोषणा झाली, तेव्हां देशांतील सुमारें एकोणीस कोटी ग्रामीण घरांपैकीं सव्वातीन कोटींच्याच घरीं नळ होता. प्रत्येक घरीं नळ व प्रत्येक माणसामागें रोज ५५ लिटर शुद्ध पाणी, असा संकल्प २०२४ पर्यंत सिद्धीस न्यावयाचा होता. पुढें ही मुदत २०२८ पर्यंत वाढविण्यांत आली. पूर्वीचें प्रमाण माणशीं ४० लिटरांचें होतें. हे आंकडे वाचकांनीं ध्यानांत ठेवावे. पुढें त्यांचें काम पडणार आहे.

आमचा वाडा आजोबांनीं बांधलेला. बिऱ्हाडें तीन आणि चूल एक. ग्रामपंचायतीच्या आकारणी नोंदवहींत, म्हणजे ज्यास नमुना ८ म्हणतात त्यांत, मात्र तीन नांवें आहेत: आमचें, धाकट्या बंधूंचें आणि कैलासवासी दादांच्या मागें वहिनींचें. तेव्हां नळाचा अर्ज करावयाचा तो एक कीं तीन? पुतण्याचें मत तीन जोडण्या घ्याव्या. तीन तोट्यांतून तिप्पट पाणी येईल. बंधूंचें मुखकमल एकदम उतरलें. "तीन नळ म्हणजे वाटणीच म्हणावयाची," एवढेंच ते बोलले आणि उठून गेले. दोन दिवस जेवणाच्या पंक्तींत कोणी कोणाशीं धड बोललें नाहीं. शेवटीं वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, पाणी एकाच रांजणांत पडणार ना? मग त्याला तोंडें तीन कशाला?" अर्ज एकच गेला.

अर्जाबरोबर आकारणीचा उतारा व करभरणा झाल्याचा दाखला लागतो. तो काढावयास गेलों तेव्हां आमच्याच नांवावर दोन वर्षांची घरपट्टी थकल्याचें निघालें. उभ्या गांवच्या मुलांस वेळच्या वेळीं पाठ करण्याचा उपदेश करण्यांत ज्यानें हयात घालविली त्याची ही गत! घरपट्टी भरली, अनामत भरली, आणि यापुढें जी विशेष पाणीपट्टी द्यावी लागेल तिची नोंद वहिनींनीं आपल्या हिशेबाच्या वहींत करून ठेविली.

जोडणी करितांना एका गोष्टीकडे गृहस्थांनीं स्वतः उभें राहून लक्ष द्यावें. मुख्य वाहिनीवर छिद्र पाडून जेथें आपली अर्ध्या इंचाची नळी बसवितात, त्या जागेच्या तुकड्यास फेरूल म्हणतात. तेथून घरापर्यंत येतांना ही नळी बहुधा रस्त्याच्या कडेची नाली ओलांडते. कारागीर घाईंत असला म्हणजे ती सरळ नालींतूनच नेतो. पाणी चालू असतां आंतून दाब असतो, म्हणून कांहीं बिघडत नाहीं. परंतु पाणी बंद झालें कीं वाहिनींत पोकळी होते. आणि एखादा सांधा सैल असेल तर नालींतील घाण आंत ओढली जाते. तीच मग दुसऱ्या दिवशीं पहिल्या धारेबरोबर घागरींत येते. आम्हीं नालीखालून जाड नळीचें वेष्टण घालून आपली नळी नेली. चारशें रुपये अधिक पडले, पण तितक्यावर घरांतील लेकरांचीं पोटें सुरक्षित झालीं.

नळ आला त्या दिवशीं तोटीस हळदकुंकू लागलें, नारळ फुटला. दुसऱ्या दिवशीं आम्हीं घड्याळ घेऊन बसलों. पंधरा लिटरांची बादली भरण्यास तीन मिनिटें लागलीं. घरांत माणसें नऊ. नवांस पंचावन्नांनीं गुणिलें असतां ४९५ लिटर, म्हणजे तेहतीस बादल्या. पाणी सुटतें तें एक तास. तेवढ्यांत वीस बादल्या भरतात. त्रैराशिक चोख होतें, पण तेरा बादल्यांची तूट कांहीं त्यानें भरून निघेना. पुतण्यानें हें ऐकलें मात्र, आणि तिसऱ्या दिवशीं खामगांवाहून अर्ध्या अश्वशक्तीची मोटार आणून थेट नळीस जोडून टाकली. बादली मिनिटांत भरूं लागली. आम्ही त्यास बोललों नाहीं. खरें सांगावयाचें तर आम्हांस बरें वाटलें.

आतां थोडें मागें जावें लागतें. आमच्या चौकांत आड आहे. १९७२ च्या दुष्काळांत, आम्ही लहान असतां, गांवच्या बहुतेक विहिरी आटल्या. हा आड मात्र तळाशीं दोन हात पाणी राखून होता. शेवटच्या आळींतील बायका घागरी घेऊन आमच्या दारीं येत आणि उंबऱ्याबाहेर उभ्या राहत. आमची आजी मोठ्या मनाची. स्वतः रहाट ओढून ती प्रत्येकीस पाणी घाली, कोणास रिकामी परतवीत नसे. पण घाली तें वरून, घागरीस घागर लागूं न देतां. अस्पृश्यता पाळणें १९५५ सालींच कायद्यानें गुन्हा ठरलें होतें. त्या बायका तास न् तास उन्हांत तिष्ठत, कारण आजीचें स्नान, सोवळें, नैवेद्य आटोपल्यावांचून रहाट फिरत नसे. तेंच आम्ही कित्येक वर्षें आजीचें औदार्य म्हणून मुलांस सांगत आलों.

शास्त्रांत इष्ट आणि पूर्त अशीं दोन पुण्यें सांगितलीं आहेत. यज्ञयाग तें इष्ट. विहिरी, तळीं, धर्मशाळा लोकांकरितां बांधणें तें पूर्त. आमचा आड यांपैकीं कोणत्या सदरांत पडतो, याचा विचार आम्हीं संस्कृत शिकवितांना कधीं केला नाहीं. जोतीराव फुल्यांनीं १८६८ सालीं पुण्यांत आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस मोकळा केला. २० मार्च १९२७ रोजीं महाडास चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घेण्याकरितां डॉक्टर आंबेडकरांस सत्याग्रह करावा लागला. हें आम्हीं इतिहासाच्या तासास शिकविलें, परीक्षेस विचारलें, उत्तरास गुण दिले. मुंबईस विहारचें पाणी १८६० सालीं नळानें आलें. एकाच नळींतून उभ्या शहराच्या घरांत पाणी खेळूं लागलें, तेव्हां सोवळ्याओंवळ्याच्या भिंती कोणीं न पाडतां पुष्कळशा खचल्या. नळी कोणाची जात विचारीत नाहीं, असें आम्हीही एका भाषणांत बोललों होतों. नळीस मोटार लावितां येते, हें तेव्हां लक्षांत आलें नव्हतें.

आमच्याकडे भांड्यांस येणारी बाई शेवटच्या आळींत राहते. चवथीपर्यंत ती आमच्याच वर्गांत होती. पाणी सुटण्याच्या दिवशीं तिला यावयास उशीर होऊं लागला. एके दिवशीं सूनबाईंनीं थोडें रागानेंच कारण विचारलें. तिनें आमच्याकडे पाहिलें. "गुरुजी, रागावू नका. तुमची मोटर लागली का आमच्या नळाले नुसता वारा येते. वाट पाहा लागते."

त्यावर काय बोलावें हें न सुचून आम्ही वर्तमानपत्र वाचीत राहिलों. पण पुढच्या पाण्याच्या दिवशीं तीच बादली आणि तेंच घड्याळ घेऊन तिच्या घरीं गेलों. घरांत माणसें पांच. नळ होता, तोटी स्वच्छ होती, सभोंवार तिनें शेणानें सारविलें होतें. बादली भरण्यास अकरा मिनिटें लागलीं. तासांत साडेपांच बादल्यांहून कमी. माणशीं सोळा लिटर. आमच्या घरीं त्याच तासांत पुतण्यानें अंगणांतल्या कुंड्यांसही पाणी घातलें होतें.

घरीं येऊन आम्हीं मोटार काढण्यास सांगितलें. पुतण्या उद्धट नाहीं, त्यानें शांतपणें विचारलें, "काका, आपण काढली तर पाणी शेवटच्या आळीला जाईल, कीं शेजारच्या दोन मोटारींत जाईल?" प्रश्न रास्त होता. आमच्या ओळींत आणखी दोन घरीं मोटारी आहेत, हें आम्हांसही ठाऊक होतें. बंधू म्हणाले, सगळ्यांनीं काढल्या तर आपणही काढूं. सगळेच असें म्हणत असणार. शिवाय मोटार ओढूं लागली म्हणजे वाहिनींत तीच पोकळी होते आणि नालीची घाण शोषली जाते. चारशें रुपयांचें वेष्टण आपल्या नळीस आहे, परंतु शेजाऱ्यांच्या नळ्यांस तें थोडेंच आहे! हा मुद्दा मात्र पुतण्यास पटला. धर्मापेक्षां जंतूंचें भय अधिक, हें काळाचें लक्षण असेल. आम्हीं त्याची तक्रार केली नाहीं.

युक्तीही त्यानेंच काढली. पडवीलगत जमिनींत हौद बांधला आणि नळ त्यांत खालच्या पातळीवर सोडला. उतार मिळाल्यामुळें पाणी आपोआप जोरानें पडतें. बादलीस आतां अडीच मिनिटें पुरतात. मोटार काढून ती हौदावर बसविली. हौदांतील पाणी ती माळ्यावरील टाकींत चढविते, वाहिनींतून कांहीं ओढीत नाहीं. ज्यांस मोटार हवीच आहे त्यांनीं ती अशीच बसवावी. राहिलेली तूट आडावर भागते. त्याचा गाळ काढविला. धुणें व झाडें त्यावर होतात. आडाचें पाणी मुखीं घालावयाचें तर आधीं तपासून घेतलें पाहिजे. ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक असतात, त्यांस सांगावें.

शेवटच्या आळींत आठवड्यानें पुन्हा मोजलें. अकराचीं आठ मिनिटें झालीं होतीं. फार नव्हे.

वहिनींनीं त्या बाईस सांगितलें, "आमचा आड साफ केला आहे. मागच्या दारानें येऊन तूं आपल्या हातानें ओढून नेत जा; आळींतल्या बायकांनाही सांग." वहिनींच्या तोंडून हें निघालें याचें आम्हांस केवढें तरी कौतुक वाटलें, आजीच्या हातचा रहाट डोळ्यांपुढें आला. ती बाई भांडें विसळीत होती. "आडाचं राहू द्या, बाई," ती म्हणाली. "नळाचं आमच्या वाट्याचं तेवढं येऊ द्या."

त्या रात्रीं आम्ही अर्ज लिहावयास बसलों. मोटारी काढविण्याचा विषय येत्या ग्रामसभेंत घ्यावा, पाण्याच्या वेळीं प्रत्येक आळींतील एक बादली घड्याळ लावून मोजावी, आणि हें काम गांवच्या पाणीपुरवठा समितींतील स्त्रियांकडे द्यावें, अशी विनंती केली. या समितींत निम्म्या स्त्रिया असाव्या असें मिशनचें धोरणच आहे, आणि बादली किती वेळांत भरते हें त्यांच्याइतकें कोणास कळतें? अर्जासोबत ज्या घरीं मोटार आहे किंवा होती त्यांची यादी जोडावयाची होती. शेजाऱ्यांचीं नांवें लिहितांना बंधूंनीं हात धरला. संबंध बिघडतील म्हणाले. बराच वेळ विचार करून आम्हीं यादींत एकच नांव घातलें, आपलें, आणि पुढें 'होती' असें लिहिलें. खालीं जागा मोकळी ठेविली आहे. पुतण्यानें तो कागद संगणकावर टंकून काढला आणि सकाळीं स्वतः नेऊन दिला. ग्रामसभा व्हावयाची आहे.