स्वीडनला जाताना : औषधाची वेळ घड्याळाने पाळा

मुलगा किंवा लेक नोकरीनिमित्त स्वीडनला गेली की एक-दोन वर्षांत अम्मी-अब्बांच्या व्हिसाची धावपळ सुरू होते. देश शांत आहे, हवा स्वच्छ आहे, नळाचे पाणी सरळ पिता येते. डेंग्यू-मलेरियाची धास्ती तिथे नाही. तरीही साठी ओलांडलेल्या आणि मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या पाहुण्यांनी तीन गोष्टींची तयारी घरूनच करून जायला हवी: सूर्याचे निराळे वेळापत्रक, औषधे मिळण्याची निराळी पद्धत आणि बर्फ.

गोळी आणि नमाज

आपल्या कित्येक घरांत गोळ्यांची आठवण नमाजशी बांधलेली असते. एक गोळी फजरनंतर, दुसरी मगरिबनंतर. इथे ही सवय चांगली आहे, कारण दोन वेळांतले अंतर वर्षभर फारसे बदलत नाही. स्टॉकहोममध्ये मात्र डिसेंबरच्या मध्यावर सूर्य दुपारी पावणेतीनच्या सुमारास मावळतो. सकाळी ७ ला एक गोळी आणि मगरिबनंतर ३ वाजता दुसरी घेतली, तर मधे आठच तास जातात आणि पुढच्या गोळीपर्यंत सोळा. जूनमध्ये नेमके उलटे होते. सूर्यास्त रात्री दहानंतर आणि सूर्योदय पहाटे साडेतीनच्या सुमारास. मगरिबची गोळी आणि फजरची गोळी यांत पाच-सहा तासही उरत नाहीत. साखरेच्या किंवा रक्तदाबाच्या औषधात अशी ओढाताण धोक्याची आहे.

म्हणून नमाज स्थानिक मशिदीच्या वेळापत्रकाप्रमाणे पढा आणि औषध घड्याळाप्रमाणे घ्या. मोबाइलमध्ये गोळ्यांचा वेगळा गजर लावा. भारत आणि स्वीडनच्या घड्याळांत हिवाळ्यात साडेचार तासांचा, उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक असतो. प्रवासाच्या दिवशी कोणती मात्रा कधी घ्यायची, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. जूनमध्ये रोजा ठेवायचा विचार असेल, तर तो एकोणीस-वीस तासांचा होईल हे ध्यानात ठेवून डॉक्टरांशी आधीच बोला. उन्हाळ्यात रात्रीही उजेड राहिल्याने झोप उडते. खोलीला जाड पडदे लावायला सांगा.

औषधे इथूनच न्या

आपल्याकडे मेडिकलवाला ओळखीचा असतो, रिकामे पाकीट दाखवले तरी गोळी मिळते. तिथे असे चालत नाही. भारतीय डॉक्टरांची चिठ्ठी स्वीडनच्या औषध दुकानात ग्राह्य धरली जात नाही. अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मिळत नाही. साध्या पॅरासिटामॉलच्या गोळ्याही २०१५ पासून फक्त औषध दुकानातच विकल्या जातात, किराणा दुकानात नाहीत.

स्वतःच्या वापरासाठी तीन महिन्यांपर्यंतची औषधे सोबत नेता येतात. ती मूळ पाकिटात ठेवा आणि औषधाचे मूळ नाव लिहिलेले इंग्रजी प्रिस्क्रिप्शन जवळ बाळगा. झोपेच्या, चिंतेवरच्या आणि तीव्र वेदनेवरच्या काही गोळ्या तिथे नशेच्या औषधांत मोडतात. त्यांच्यावरची मर्यादा बरीच कडक आहे, ती आधी तपासा. विसरलेले औषध घरून टपालाने मागवण्याचा मार्गही बंद आहे.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी पुढची ओळ दोनदा वाचावी. आपल्याकडे मिलीलीटरला ४० युनिट असलेल्या कुप्या आणि त्यांच्या सिरिंजा सर्रास वापरात आहेत. युरोपात इन्सुलिन १०० युनिटचे असते. तिथले इन्सुलिन इथल्या ४० च्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरले, तर शरीरात २० नव्हे, ५० युनिट जातात. साखर एकदम उतरून बेशुद्धी येऊ शकते. म्हणून आपले इन्सुलिन आणि आपल्याच सिरिंजा पुरेशा न्या, दोन्हींची सरमिसळ करू नका. विमानात इन्सुलिन हातातल्या बॅगेत ठेवा. थंडीत बाहेर पडताना ते कपड्यांच्या आतल्या खिशात असू द्या. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळले तरी निकामीच समजा.

बर्फ, रस्ता आणि रान

हिवाळ्यात पडण्याचा धोका सर्वांत मोठा. बर्फ वितळून पुन्हा गोठला की काचेसारखा होतो आणि दिसतही नाही. बुटांना खालून लावायचे खिळ्यांचे पट्टे तिथे दुकानांत मिळतात, पहिल्याच दिवशी घ्या. बुरख्याचा किंवा साडीचा घेर पायात येणार नाही इतका वर ठेवा, आत थर्मल आणि उंच बूट घाला. वजू करून लगेच बाहेर पडायचे असेल, तर हातपाय, विशेषतः बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. पायांची संवेदना कमी झालेल्या मधुमेहींनी नळाचे गरम पाणी आधी कोपराने तपासावे.

स्वीडनमध्ये १९६७ पासून वाहने उजव्या बाजूने चालतात. रस्ता ओलांडताना आधी डावीकडे पाहा. सायकलींची वेगळी वाट असते, तिच्यावर उभे राहू नका. अंधाऱ्या दिवसांत कोटाला चमकणारी पट्टी लावा.

उन्हाळ्यात रानात किंवा उंच गवतात फिरलात, तर घरी आल्यावर अंगावर गोचीड आहे का ते पाहा. दिसल्यास चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढा. पुढे काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी तिथे लाल वर्तुळ पसरू लागले, तर डॉक्टरांना दाखवा. गोचिडीमुळे मेंदूला सूज आणणारा एक आजारही होतो आणि त्यावर खास औषध नाही, पण लस आहे. स्टॉकहोमच्या किनारी भागात उन्हाळाभर राहणार असाल, तर लसीबद्दल विचारून घ्या. रानातली अळंबी ओळखीशिवाय तोडू नका, तिथल्या काही जाती जीवघेण्या आहेत.

निघण्यापूर्वी

व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा लागतोच. पण जुन्या आजारांचा खर्च त्यात धरला आहे का, ते स्वतः वाचून पाहा. स्वस्त पॉलिसीत नेमके तेच वगळलेले असू शकते. छातीत दुखणे, अर्धांग, अपघात अशा प्रसंगी ११२ हा क्रमांक लावा. साध्या तक्रारीसाठी ११७७ वर चोवीस तास परिचारिकेचा सल्ला मिळतो, इंग्रजीतही. आजार, औषधे, ॲलर्जी, विम्याचा क्रमांक आणि मुलांचा पत्ता एका कागदावर इंग्रजीत लिहून पाकिटात ठेवा. मुले कामावर असताना तोच कागद तुमच्या वतीने बोलेल.