गुरुजी, बसा ना!

परवा पुण्याहून पुतण्याचा फोन आला. स्वारी जरा रागातच होती. "काका, तुम्ही सारखं विकासाच्या विरोधात लिहिता. सिमेंट कारखाने नसते तर कोरपन्यात होतं काय?" फोनवर नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

आधी कबुली. आमचा हा भाग १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, मग नांदेड जिल्ह्यात आणि १९५९ पासून चांदा जिल्ह्यात. राजधानी कुठलीही असो, आम्ही आपले शेवटचं टोक! १९८० च्या दशकात आवारपूरला लार्सन अँड टुब्रोचा कारखाना उभा राहिला, पुढे गडचांदूर, उपरवाही, नारंडा. माझ्या कितीतरी विद्यार्थ्यांच्या घरची चूल त्या पगारावर पेटली. हे नाकारलं तर मी कृतघ्न ठरेन.

माझं भांडण कारखान्याशी नाहीच. "उद्योग आणि शासन यांनी हातात हात घालून मागास भागाचा विकास करावा" या वाक्याशी आहे. भाषणात छान वाटतं. पण हात दोनच! ज्यांच्या पायाखालून दगड निघतो, त्यांचा हात कुठे आहे?

थोडं गणित करू, जुनी सवय आहे. चुनखडीची रॉयल्टी २०१४ पासून टनाला ८० रुपये. त्यावर जुन्या खाणपट्ट्यांना जिल्हा खनिज प्रतिष्ठानसाठी रॉयल्टीच्या ३० टक्के भरावे लागतात, म्हणजे २४ रुपये. साध्या सिमेंटच्या ५० किलोच्या पोत्याला साधारण ७० किलो चुनखडी लागते. म्हणजे पोत्यामागे रॉयल्टी सहा रुपयांच्या आत आणि खाणबाधितांसाठीचा निधी पावणेदोन रुपयांच्या आत. एवढ्यात अर्धा कप चहासुद्धा येत नाही!

आणि हा पैसा खर्च कसा होतो? कुठे रस्ता, कुठे सभागृह, त्यावर पुढाऱ्याच्या नावाची पाटी. कंपनीने शाळेला बाकं दिली की हारतुरे. अरे, मोठ्या कंपन्यांनी नफ्याचे दोन टक्के समाजकामावर खर्च करावेत हा २०१३ चा कायदा आहे. कायद्याने द्यायच्या पैशाला देणगी का म्हणायचं?

काही वर्षांपूर्वी एका खाणीच्या जनसुनावणीला गेलो होतो. मोठा मंडप, थंड पाणी, जेवणाची पाकिटं. व्यासपीठावर अधिकारी आणि कंपनीचे साहेब शेजारी शेजारी. मूळ अहवाल इंग्रजीत, चांगला जाडजूड. मराठी सारांश होता, पण आमच्या विहिरींचं पाणी किती खाली जाईल ते त्यात मला सापडेना. मी उभा राहून तेवढंच विचारलं. तेवढ्यात मागून कुणीतरी हलकेच माझा सदरा ओढला. माझाच विद्यार्थी! गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. "गुरुजी, बसा ना... माझी नोकरी आहे हो."

मी बसलो.

त्या बसण्याची लाज आजही वाटते. पोराचा मात्र राग येत नाही. पोटाची भीती घालून मिळवलेल्या शांततेला "लोकांचा पाठिंबा" म्हणतात, राग त्याचा येतो.

भूगोल शिकवताना मी पॅसिफिक महासागरातल्या नाउरूबद्दल सांगायचो. जेमतेम २१ चौरस किलोमीटरचं बेट. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या सरकारांनी मिळून तिथलं फॉस्फेट खणलं. १९६८ मध्ये बेट स्वतंत्र झालं, काही काळ अतिश्रीमंतही झालं. पण पुढे आपल्याच राज्यकर्त्यांनी ठेवीचा पैसा परदेशांत नको तिथे गुंतवून घालवला. फॉस्फेट बहुतेक संपलं आणि बेटाचा मधला भाग ओसाड झाला. म्हणजे नुसते जास्त पैसे मिळूनही भागत नाही. हिशेब विचारणारे लोक लागतात.

आमच्याकडेही पाट्या बदलतात. आवारपूर २००४ मध्ये अल्ट्राटेककडे गेलं, उपरवाहीच्या अंबुजाचे मालक २०२२ मध्ये अदानी झाले. नारंड्याचा कारखाना तर दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून २०२० मध्ये दालमियांकडे गेला. मालक बदलतो, खड्डा तिथेच राहतो.

पुतण्या म्हणेल, गावकऱ्यांना काय कळतं? गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) बघ म्हणावं. २००९ मध्ये त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाले आणि २०११ पासून ग्रामसभा स्वतःचा बांबू स्वतः विकू लागली. सगळे निर्णय सर्वांच्या संमतीने. शिकलेल्यांना जमत नाही ते त्यांनी करून दाखवलं.

माझं मागणं फार नाही. खनिज निधीतून गावासाठी किती आले आणि कशावर गेले, ते दरवर्षी ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवा. कंपनीच्या दोन टक्क्यांतून काय करायचं, ते गावाला आधी विचारा. आणि दगड संपल्यावर जी पोरं इथे राहणार आहेत, त्यांच्या नावाने थोडा पैसा ठेवीत टाका. यात विकासविरोध कुठे आला?

असो. पुढची जनसुनावणी लागेल तेव्हा मी जाणार आहे. गुडघे दुखतात, पण या वेळी बसणार नाही. तुमच्या भागात काय अनुभव आहे, जरूर कळवा. आणि पुण्याच्या चिरंजीवांनीही!