परवाना कोणाच्या नावावर?

परदेशी जाण्यासाठी फाईल टाकायची म्हटलं की आपल्याकडे एजंटबद्दल पहिली चौकशी होते ती अशी: याने आजवर किती जणांची कामं केली? न्यूझीलंडला जायचं असेल, तर ही चौकशी नंतर केली तरी चालेल. आधी विचारायला हवं ते हे की, आपल्याला सल्ला देणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या नावावर परवाना आहे का? तिथल्या २००७ च्या कायद्याने इमिग्रेशनचा सल्ला देणं हा परवान्याचा धंदा ठरवला. मे २००९ पासून न्यूझीलंडमधल्या आणि मे २०१० पासून देशाबाहेरच्या सल्लागारांनाही परवाना सक्तीचा झाला. म्हणजे पुण्यात किंवा ठाण्यात ऑफिस थाटून न्यूझीलंडच्या वर्क व्हिसाचा सल्ला देणारा माणूसही या कायद्याच्या कक्षेत येतो. परवाना नाही हे ठाऊक असूनही सल्ला दिला, तर सात वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख न्यूझीलंड डॉलरपर्यंत दंड अशी तरतूद आहे. आणि सूट नसलेल्या बिनपरवाना माणसाने अर्ज सादर केला, तर तो स्वीकारूच नये, असं इमिग्रेशन खात्यावर बंधन आहे.

हा परवाना मिळतो व्यक्तीला, कंपनीला नव्हे, आणि घोळ नेमका इथेच होतो. ऑफिसच्या भिंतीवर शॉप अ‍ॅक्टचा दाखला असतो, जीएसटी क्रमांक असतो, कधी आखाती देशांत कामगार पाठवण्यासाठी भारत सरकारकडे केलेली एजंट म्हणून नोंदणीही असते. हे सगळं अस्सल असू शकतं. पण न्यूझीलंडच्या व्हिसाचा सल्ला देण्याचा हक्क त्यातल्या एकाही कागदाने मिळत नाही. भारतातल्या वकिलाची सनदही त्यासाठी पुरत नाही, कारण कायद्यातली सूट आहे ती न्यूझीलंडमध्ये वकिली करण्याचं चालू प्रमाणपत्र असलेल्यांना. याहून फसवा प्रकार म्हणजे एका परवानाधारकाचं नाव लेटरहेडवर छापायचं, आणि अशिलाशी बोलणं, कोणत्या व्हिसासाठी अर्ज करायचा ते ठरवणं, कागदपत्रं पाहणं हे सगळं काम मात्र परवाना नसलेल्या 'काउन्सेलर'ने करायचं. टायपिंग, भाषांतर, फाईल लावणं अशी कारकुनी कामं बिनपरवाना माणसाने केली तर कायद्याची हरकत नाही. पण तुमच्या परिस्थितीत काय करावं हे सांगणं म्हणजे सल्ला. असं काम कर्मचाऱ्यांवर सोपवून स्वतः नुसती सही करणाऱ्या परवानाधारकांना तिथल्या शिस्तपालन न्यायाधिकरणाने अनेकदा दोषी धरलं आहे. म्हणून इमिग्रेशन अ‍ॅडव्हायजर्स अथॉरिटीच्या जाहीर नोंदवहीत शोधायचं ते ऑफिसचं नाव नव्हे, समोर बसलेल्या माणसाचं. ही नोंदवही कोणालाही फुकट पाहता येते. तिथे परवान्याचा प्रकारही पाहावा, कारण काही परवाने ठरावीक विषयांपुरते मर्यादित असतात, तर काही दुसऱ्याच्या देखरेखीखालीच काम करण्याच्या अटीवर दिलेले असतात.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की, आमच्या नात्यातली चार मुलं याच एजंटकडून गेली, मग आणखी पुरावा कशाला? मला हा पुरावा कच्चा वाटतो. पासपोर्टवर व्हिसा लागला म्हणजे फाईल स्वच्छ होती असं सिद्ध होत नाही. त्या वेळी कोणाच्या नजरेत काही आलं नाही, एवढंच सिद्ध होतं. बनावट बँक स्टेटमेंट पुढच्या अर्जाच्या वेळी उघडकीला येऊ शकतं. शिफारस करणारी मुलं तोवर तिथे स्थिरावल्यासारखी दिसतात, आणि त्यांच्या भरवशावर आणखी दहा जण त्याच दारात उभे राहतात. २०१६-१७ मध्ये ऑकलंडमधल्या भारतीय विद्यार्थ्यांवर हद्दपारीची वेळ आली, ती त्यांच्या अर्जांतले पैशांचे कागद खोटे निघाल्यामुळे. ते कागद भारतातल्या एजंटांनी आम्हाला न सांगता जोडले, असं विद्यार्थ्यांचं म्हणणं होतं. त्यांतल्या काहींनी फेब्रुवारी २०१७ मध्ये एका चर्चमध्ये आसरा घेतला. सरकार बधलं नाही. त्या देशाच्या कायद्याप्रमाणे अर्जातल्या माहितीची जबाबदारी अर्जदाराची असते. 'एजंटने केलं' हे उत्तर तिथे सहसा टिकत नाही.

याच प्रकरणातून दुसरा, जास्त वजनदार आक्षेप निघतो. देशाबाहेर राहून फक्त विद्यार्थी व्हिसाबद्दल सल्ला देणाऱ्यांना परवान्यातून सूट आहे. म्हणजे ज्या दारातून आपली बहुतेक मुलं जातात, तिथेच कायद्याने पहारा ठेवलेला नाही. मग परवाना तपासून उपयोग काय? ही पळवाट मोठी आहे, हे मान्यच करायला हवं, आणि माझ्या मते ती ठेवणं हा त्या कायद्याचा दोषच आहे. मात्र सूट दिसते त्यापेक्षा अरुंद आहे. आपल्याकडे एजंट नुसता अभ्यासक्रम विकत नाही. शिक्षण संपल्यावर वर्क व्हिसा, बायकोला सोबत न्यायची सोय आणि शेवटी पीआर असं सगळं पॅकेज तो एका बैठकीत मांडतो. त्यातला विद्यार्थी व्हिसा ओलांडून तो पुढचा सल्ला देऊ लागला की सूट संपते. त्या क्षणी परवाना क्रमांक विचारायला कोणाचीही भीड बाळगण्याचं कारण नाही.

परवानाधारकही फसवतात, हे खरं आहे. तसं नसतं तर न्यायाधिकरणाची गरजच पडली नसती. परवाना प्रामाणिकपणाची हमी देत नाही. तो असला की दाद मागायला जागा राहते. परवानाधारकाने लेखी करार केला पाहिजे, फी वाजवी ठेवली पाहिजे आणि अर्ज मंजूर होण्याची फारशी आशा नसेल तर तेही लेखी सांगितलं पाहिजे. तो चुकला तर न्यायाधिकरण फी परत करायला लावू शकतं, भरपाई देववू शकतं, परवानाही रद्द करू शकतं. ऑफिसला कुलूप लावून दुसऱ्या नावाने दुकान उघडणाऱ्या माणसाकडून यातलं काय वसूल होणार? आणि ज्याला सल्लागाराची फी परवडत नाही, त्याने अर्ज स्वतः भरावा. सल्लागार नेमण्याची सक्ती नाही. नोकरीच विकत देतो म्हणणाऱ्याच्या बाबतीत तर परवान्याचा मुद्दाच गौण ठरतो, कारण नोकरी देण्यासाठी मालकाने कामगाराकडून पैसे घेणं न्यूझीलंडमध्ये बेकायदा आहे. तरीही २०२३ मध्ये ऑकलंडमधल्या मोजक्या घरांत शंभराहून अधिक भारतीय आणि बांगलादेशी कामगार दाटीवाटीने राहत असल्याचं उघड झालं, तेव्हा अशा नोकऱ्यांसाठी एजंटांना मोठमोठ्या रकमा मोजल्याचं त्यांनी सांगितलं.

अर्जात एक प्रश्न असतो: हा अर्ज भरताना तुम्ही कोणाचा सल्ला किंवा मदत घेतली का? तिथे सल्लागाराचं नाव आणि त्याचा परवाना क्रमांक लिहायचा असतो. 'ते कोरं सोडा, तुम्हीच भरलाय असं दाखवू' असं एजंट म्हणाला, तर नोंदवही उघडून पाहण्याचीही गरज उरत नाही. आपलं नाव तिथे का चालणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. आणि ते कोरं ठेवलेलं उत्तर ही अर्जातली पहिली खोटी माहिती असते, तीही अर्जदाराच्या सहीनिशी दिलेली.