यॉटिंग साहेबाचे, पण शीड कोणाचे?

'यॉटिंग हा साहेबाचा खेळ' असे म्हणून आपण हा विषय बाजूला सारतो. मला ते अर्धेच पटते.

'यॉट' हा शब्द मुळात इंग्रजांचाही नाही. डच भाषेत 'याख्त' म्हणजे शिकार. चपळ, वेगवान नौकांना डचांनी हे नाव दिले. १६६० मध्ये दुसरा चार्ल्स राज्यावर परतला, तेव्हा ॲम्स्टरडॅमने त्याला 'मेरी' नावाची अशी नौका भेट दिली आणि राजाला तिचे वेडच लागले. १६६१ मध्ये टेम्स नदीवर त्याची व धाकट्या भावाची शर्यत झाली. पैज शंभर पौंडांची.

गंमत पुढे आहे. त्याच वर्षीच्या विवाहकरारात मुंबई बेट याच राजाच्या पदरी पडले. १६६८ मध्ये त्याने ते वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला देऊन टाकले. म्हणजे एका शर्यतीची पैज आणि मुंबईचे दहा वर्षांचे भाडे सारखेच!

१८४६ मध्ये मुंबईत यॉट क्लब निघाला. १८७६ मध्ये त्याला 'रॉयल' हे बिरूद मिळाले. समोर मुंबईचे बंदर. हिवाळ्यात पहाटे मतलई वारा, दुपार कलली की खारा वारा, आणि पावसाळ्यात नौका किनाऱ्यावर. हे वेळापत्रक इथल्या कोळ्यांना आणि तांडेलांना पिढ्यान्‌पिढ्या पाठ होते. नारळी पौर्णिमा त्याचीच साक्ष. पण ब्रिटिश काळात त्या क्लबाचे सदस्यत्व भारतीयांना नव्हते. ज्यांना वारा कळत होता, ते दाराबाहेर राहिले. साहेबाने इथे आणलेली खरी नवी वस्तू मला तरी ते दारच वाटते.

काही उत्साही मित्र यावर आंग्र्यांच्या आरमाराला 'आपले यॉटिंग' म्हणतात. तेही मला मान्य नाही. गुराब आणि गलबत लढाईसाठी होते. हौसेने समुद्रावर जायला पोटाची चिंता मिटलेली दुपार लागते, आणि ती आपल्या किनाऱ्यावर फार थोड्यांच्या वाट्याला आली.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. क्लबाच्या जुन्या इमारतीत १९४९ मध्ये होमी भाभांची टाटा मूलभूत संशोधन संस्था आली. पुढे गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात 'म्हादेई' बांधली गेली. तिच्यातून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. २०१७-१८ मध्ये सहा महिला नौदल अधिकारी 'तारिणी'तून जग फिरून आल्या. ती नौकाही गोव्यातलीच. अभिमान आहेच, तरी या मोहिमा नौदलाच्या, तुमच्याआमच्या रविवारच्या नव्हेत.

गेटवेवरून मांडव्याच्या बोटीत बसलात, तर बंदरात नांगरलेल्या पांढऱ्या यॉटी जरूर मोजा. त्यांपैकी किती जणींना डोलकाठी आहे, तेही पाहा.