आधी पिक्सेल क्लॉक, मग स्क्रू ड्रायव्हर

वाचकांकडून येणाऱ्या तक्रारींचा सूर अलीकडे एकच आहे. साइटवर काळा पडणारा मॉनिटर सर्व्हिस सेंटरला जातो, ‘नो फॉल्ट फाउंड’ असा शेरा घेऊन परत येतो आणि साइटवर जोडताच पुन्हा काळा पडतो. वाहतुकीचे भाडे डीलर भरतो, बोलणी साइट इंजिनिअर खातो. या फेऱ्यांचे मूळ कॉल नोंदवण्याच्या फॉर्ममध्ये आहे. डिस्प्लेच्या तक्रारीला तेथे बहुधा एकच रकाना असतो, ‘नो डिस्प्ले’. बायोसचा लोगो दिसतो, १०८०पीला चित्र स्वच्छ येते, मात्र ४के ६० हर्ट्झ निवडताच पडदा काळा होतो, हे साइटवरच्या माणसाला ठाऊक असते. फॉर्ममध्ये जागाच नसल्याने ही माहिती पुढे जात नाही. बेंचवर मग ‘नो डिस्प्ले’च तपासले जाते, तेही मीटरभर केबल, जुना पीसी आणि १०८०पीवर. चित्र येते, कॉल बंद होतो. ज्या मोडला दोष दिसतो तो मोड कोणी लावूनच पाहिलेला नसतो. मॉनिटर बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या कंपन्यांनी ही पद्धत वर्षानुवर्षे चालू ठेवली आहे, आणि तिचा खर्च आपला व्यवसाय सोसतो आहे.

ठरावीक रिझोल्यूशनलाच पडदा काळा होणे आणि ‘नो डिस्प्ले’ हे दोन वेगळे दोष आहेत. खालच्या मोडला चित्र येते याचाच अर्थ एसएमपीएस, बॅकलाइट, पॅनल आणि टी-कॉन काम करत आहेत. दोन मोडमध्ये बदलतो तो सिग्नलचा भार, आणि तो कागदावर मांडता येतो. १०८०पी ६० हर्ट्झला ब्लँकिंग धरून २२०० × ११२५ × ६०, म्हणजे १४८.५ मेगाहर्ट्झ पिक्सेल क्लॉक लागतो. ४के ३० हर्ट्झला २९७ आणि ४के ६० हर्ट्झला ५९४. सिंगल लिंक डीव्हीआयची मर्यादा १६५, एचडीएमआय १.४ची ३४०, एचडीएमआय २.०ची ६००. हे आकडे शेजारी ठेवले की ‘३०ला चालतो, ६०ला जातो’ या तक्रारीचे निम्मे निदान झालेले असते, कारण वाटेतला कोणता तरी दुवा ३४०च्या वर जात नाही. १०८०पी १२० हर्ट्झला चालणारा गेमिंग मॉनिटर १४४ला काळा का पडतो, याचेही उत्तर येथेच आहे. त्याच टायमिंगने १२०ला २९७ आणि १४४ला ३५६.४ मेगाहर्ट्झ लागतात. आरजीबीमध्ये ८ बिटऐवजी १० बिट रंग निवडला तर क्लॉक सव्वापट होतो, म्हणजे ४के ३० हर्ट्झसुद्धा ३७१वर जाऊन जुन्या पोर्टच्या आवाक्याबाहेर पडते.

नुसते रिझोल्यूशन आणि रिफ्रेश रेट लिहूनही भागत नाही. १९२० × १२०० ६० हर्ट्झ हाच मोड साध्या ब्लँकिंगने पाठवला तर १९३.२५ मेगाहर्ट्झ लागतात, रिड्यूस्ड ब्लँकिंगने १५४. सिंगल लिंक डीव्हीआयवर पहिले जाणार नाही, दुसरे जाईल. ग्राहकाच्या दृष्टीने दोन्ही वेळा सेटिंग एकच होते. तसेच जीपीयू स्केलिंग चालू असेल तर डेस्कटॉप रिझोल्यूशन कमी केले तरी वायरवर नेटिव्ह मोडच जात राहतो, आणि ‘सगळ्या रिझोल्यूशनला काळा’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. विंडोजच्या अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले पानावर डेस्कटॉप मोड आणि अ‍ॅक्टिव्ह सिग्नल मोड वेगवेगळे दाखवतात. नोंद करायची ती दुसऱ्याची.

हिशेब जुळूनही पडदा काळा राहिला, तर दुसरा संशयित डीडीसी लाइन. ३४०च्या वर जाताना सोर्सला मॉनिटरशी याच लाइनवरून बोलून स्क्रॅम्बलिंग सुरू करायला सांगावे लागते. मधला जुना केव्हीएम, स्प्लिटर किंवा ईडीआयडी एम्युलेटर हा निरोप पुढे देत नसेल, तर डेटाच्या तारा उत्तम असूनही मॉनिटरला काही उमगत नाही. स्प्लिटर एका आउटपुटचा ईडीआयडी उचलून सोर्सला देत असेल, तर ४के मॉनिटरशेजारचा १०८०पी प्रोजेक्टर काळाच राहणार. त्यात बिघाड काहीच नाही, न झेपणारा मोड त्याच्याकडे पाठवला जातो आहे इतकेच. दुकानाच्या बेंचवर थेट केबलने जोडलेल्या मॉनिटरमध्ये हा दोष कधीच सापडणार नाही, कारण दोष मॉनिटरमध्ये नाही, जोडणीत आहे.

केबलच्या पाकिटाने हा गोंधळ वाढवला आहे. केबलवर एचडीएमआयचा आवृत्ती क्रमांक छापायचा नाही, हाय स्पीड, प्रीमियम हाय स्पीड, अल्ट्रा हाय स्पीड असा वर्ग लिहायचा, हा परवाना देणाऱ्या संस्थेचा नियम आहे. प्रीमियम आणि अल्ट्रा वर्गाच्या पाकिटावर स्कॅन करून तपासता येणारे लेबल असते. तरीही बाजारात ‘२.०, ४के’ एवढ्यावर केबल विकली जाते. ४के ३० की ६०, पाच मीटरला की दीड मीटरला, हे कोठेच नसते. आपल्याकडचे पॅकेज्ड कमोडिटीज नियम पाकिटावर आयातदाराचे नाव, कमाल किरकोळ किंमत आणि ग्राहक सेवेचा पत्ता मागतात, केबल किती सिग्नल वाहते हे मागत नाहीत. सरकारी खरेदीत ‘एचडीएमआय केबल, १ नग’ अशी ओळ असेल, तर सर्वांत स्वस्त केबल पुरवणारा नियमातच बसतो. मग ती केबल सभागृहाच्या भिंतीत गाडली जाते, आणि पुढे एएमसी घेणाऱ्याच्या गळ्यात तो दोष येतो. निविदा लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला या एका ओळीत ‘प्रमाणित, ४के ६० हर्ट्झ, संपूर्ण लांबीवर चाचणी करून’ एवढे शब्द घालायला काहीही खर्च येत नाही. ते घातले जात नाहीत, कारण मागणारे आपण गप्प आहोत.

यावर आपल्याच मंडळींचे आक्षेप आहेत. पहिला असा की ग्राहक थांबत नाही, आकडेमोड कोण करणार. केबल बदलून पाहणे दोन मिनिटांचे काम. केबल बदलावीच, पण कोणत्या वर्गाच्या जागी कोणत्या वर्गाची, हे कळल्याशिवाय बदललेली केबल निदान देत नाही. एका साध्या हाय स्पीड केबलच्या जागी दुसरी तशीच लावली आणि पडदा काळाच राहिला, की खापर मॉनिटरवर फुटते आणि आरएमए सुरू होतो. दुसरा आक्षेप, रिझोल्यूशन उतरवून दिले की ग्राहक खूश. तो खूश नसतो, त्याला फरक सांगितलेला नसतो. ४के पॅनलचे पैसे मोजून तो धूसर अक्षरे वाचतो, आणि पुढच्या विंडोज अपडेटनंतर नेटिव्ह मोड परत आला की फोन पुन्हा आपल्यालाच येतो. तिसरा आक्षेप खरा आहे. सोल्डर सुटलेले सॉकेट किंवा स्केलरचा दोषही फक्त वरच्या मोडला दिसू शकतो. मात्र तोच हिशेबाच्या बाजूचा सर्वांत मोठा पुरावा आहे. क्लॉक मर्यादेत, केबल प्रमाणित आणि आखूड, मध्ये काही नाही, तरीही काळा, एवढे सिद्ध झाले की मगच मॉनिटर उघडण्याला अर्थ येतो, आणि वॉरंटीचा दावा नाकारणे कंपनीला अवघड जाते.

म्हणून या व्यवसायातल्या प्रत्येकाला आमचे आवाहन आहे. आजपासून आपल्या जॉब शीटवर पाच रकाने वाढवा: चालणारा मोड, काळा पडणारा मोड, त्या दोन्हींचा पिक्सेल क्लॉक, केबलचा वर्ग व लांबी, आणि मधली प्रत्येक वस्तू. शीटची प्रत आरएमएच्या खोक्यात घाला आणि पोचपावतीवर तिचा उल्लेख करून घ्या. काळा पडणारा मोड न तपासता ‘नो फॉल्ट फाउंड’ लिहून आलेला माल स्वीकारू नका; लेखी कारण मागा. डीलर संघटनांनी ही मागणी कंपन्यांच्या सर्व्हिस प्रमुखांकडे एकत्र न्यावी, एकेका दुकानदाराने फोनवर हुज्जत घालून ती मान्य होणार नाही. जे सभासद अजूनही ‘डिस्प्ले प्रॉब्लेम’ एवढेच लिहून कॉल बंद करतात, त्यांनी हे ध्यानात घ्यावे की कंपनीचा फॉर्म आंधळा आहे ही तक्रार करण्याचा अधिकार स्वतःची शीट नीट भरणाऱ्यालाच आहे. भरलेल्या शीट आमच्याकडे पाठवा. त्या एकत्र करून आम्ही कंपन्यांपुढे ठेवू आणि त्यांनी दिलेले उत्तर, किंवा न दिलेले उत्तर, याच पानावर छापू.