रंगावर खर्च, रबरावर काटकसर

जुनी प्रीमियर पद्मिनी सावरायला घेतली की पैसा आधी रंगावर जातो आणि दाराचं रबर जुनंच राहतं. ही काटकसर गाडीच्या मुळावर येते. कुर्ल्याच्या कारखान्यातलं पद्मिनीचं उत्पादन 2001च्या सुमारास थांबलं. म्हणजे अगदी शेवटच्या गाडीच्या मूळ रबरानेही वीस वर्षं ओलांडली. मराठवाड्यातल्या पुंडलिकनगरसारख्या वस्तीत गाडी बहुधा घरासमोर उघड्यावरच असते. तिथलं ऊन रबर कडक करतं, त्याला भेगा पाडतं आणि पावसाळ्यात पाणी त्याच भेगांतून मॅटखाली शिरतं. वरून मॅट कोरडं दिसतं, पण खालचा पत्रा कुजत राहतो.

मूळ रबर काढलं तर गाडीचं अस्सलपण जातं, हा आक्षेप मला पटत नाही. रबर टायरसारखंच झिजणारं. पत्राच गेला तर अस्सल काय उरणार? खर्चाचा मुद्दा खरा आहे, पण स्वस्त स्पंजपट्टी पाणी धरून ठेवते आणि गंज वाढवते. त्यापेक्षा मूळ आकाराचं ईपीडीएम रबर घ्यावं, ते ऊन-पावसात जास्त टिकतं. आधी बिजागरी सरळ करावी, जुना गोंद पूर्ण खरवडावा. कोपऱ्यात रबर ताणून बसवलं तर ते पुढे आखडतं आणि फट पडते. न ताणता, दाबत दाबत बसवायचं. मग कागदाची पट्टी धरून दार लावा. ती सहज निघाली तर तिथून पाणी येणारच. दार सुरुवातीला जड लागेल, म्हणून रबर कापू नका. आणि दाराच्या तळाची छिद्रं पावसाळ्याआधी मोकळी करून घ्या.