‘ताठ बस!’ म्हणण्यापूर्वीं

शाळेंत संस्कृत शिकवितांना आम्हीं विद्यार्थ्यांकडून शब्दरूपें किती वेळां घोकून घेतलीं ह्याची गणती नाहीं. परंतु त्याहूनहि अधिक वेळां आमच्या तोंडून कांहीं निघालें असेल तर तें ‘ताठ बस!’ हें वाक्य होय. मुलगा दचकून छाती पुढें काढी, पाठ मागें ओढी, श्वास कोंडून धरी आणि दोन मिनिटांत पूर्ववत् वांके. हा त्याचा आळस, असें आम्ही समजत असूं. दोष आमच्या आज्ञेंतच होता, हें कळण्यास मात्र निवृत्त व्हावें लागलें.

गेल्या पावसाळ्यांत आमची मान धरली. रात्रीं कूस बदलणेंहि कठीण झालें. त्याच सुमारास बारावीचा अभ्यास करणारा आमचा नातूहि मान दुखते म्हणून कुरकुरूं लागला. आम्हीं जुन्या संवयीनें फर्माविलें, “अरे, ताठ बस!” त्यानें उलट उत्तर केलें नाहीं, मोबाइलवर आमचेंच एक छायाचित्र बाजूनें टिपून पुढें धरलें व म्हणाला, “आजोबा, हें तुमचं ताठ बसणं!” आपण पट्टीसारखे सरळ बसलों आहों, अशी आमची खात्री होती. चित्रांत मात्र हनुवटी पुढें आलेली, डोकें खांद्यांच्या पुढें लोंबलेलें आणि खांदे कानांकडे चढलेले!

ह्या फसगतीवरून फ्रेडरिक मॅथायस अलेक्झांडर ह्या गृहस्थाची हकीकत आठवते. हा १८६९ सालीं टास्मानिया बेटांत जन्मला व रंगमंचावर काव्यवाचन करूं लागला. परंतु ऐन प्रयोगांत त्याचा आवाज बसे. विश्रांतीनें तो सुधारे, वाचनास उभें राहतांच पुन्हां बिघडे. तेव्हां बोलतांना आपणच कांहीं तरी विपरीत करीत असलों पाहिजे, असा तर्क करून त्यानें आरशांसमोर स्वतःचें निरीक्षण आरंभिलें. बोलण्याच्या आरंभींच तो डोकें मागें खेंची व गळा दाबी, असें आढळलें. पुढें त्यानें डोकें मागें न नेण्याचा निश्चय केला. निश्चय पाळला असें त्यास वाटे. आरसा मात्र उलट साक्ष देई. तात्पर्य, वांकडें अंगवळणीं पडलें कीं तेंच सरळ वाटूं लागतें. म्हणून केवळ आज्ञेनें कोणी सरळ होत नाहीं. तो जुन्या ताणावर नवा ताण चढवितो.

अलेक्झांडरचा उपाय असा कीं, कृति करण्यापूर्वीं क्षणभर थांबावें, नेहमींचा हिसका देऊं नये, मान मोकळी सोडावी आणि मग हालावें. १९०४ सालीं तो लंडनला गेला व १९५५ मध्यें निधन होईपर्यंत हेंच शिकवीत राहिला. पुढें इंग्लंडांत जुनाट पाठदुखीच्या ५७९ रुग्णांवर ह्या पद्धतीची परीक्षा झाली. तिचा निष्कर्ष २००८ सालीं प्रसिद्ध झाला. चोवीस पाठ घेतलेल्यांचे वेदनेचे दिवस वर्षानंतर चार आठवड्यांत सुमारें ३ वर आले. नेहमींच्या उपचारांवर असलेल्यांचे ते २१ होते.

भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायांत काया, मस्तक व ग्रीवा ‘सम’ ठेवण्यास सांगितलें आहे. हा श्लोक आम्हीं वर्षानुवर्षें शिकविला. पण ‘सम’ म्हणजे ‘ताठ’ नव्हे, हें आम्हांसच उमगलें नव्हतें.

आतां आमच्या घरीं काय चालतें तें सांगतों. मनुष्याचें डोकें चार-पांच किलोंचें असतें. तें मोबाइलकडे वांकविण्याऐवजीं मोबाइल डोळ्यांकडे उचलावा. सूनबाई घरूनच कचेरीचें काम करतात. त्यांच्या लॅपटॉपखालीं आम्हीं आमचे तीन जाडे शब्दकोश ठेवले व कळफलक निराळा आणविला. त्या हंसून म्हणाल्या, “मामंजी, कोशांचा एवढा उपयोग आजवर झाला नव्हता!” अर्ध्या तासानें प्रत्येकानें उठून चार पावलें टाकावीं, कारण उत्तम बैठकहि तासन्‌तास धरली तर शिक्षाच होते. दुपारीं आम्ही सतरंजीवर उताणे निजतों, गुडघे उभे, डोक्याखालीं एक-दोन पुस्तकें, आणि दहा मिनिटें कांहींहि करीत नाहीं. हातापायांस मुंग्या वा दुर्बलता येणें, लघवीवरील ताबा जाणें, पडल्यानंतर वा तापांत पाठ दुखणें, ह्या वेळीं मात्र पुस्तकें बाजूस ठेवून त्वरित डॉक्टर गांठावा.

आमची मान अजून पूर्ण बरी नाहीं. पण रात्रीं झोंप लागते. नातू व आम्ही आतां दर रविवारीं एकमेकांचें छायाचित्र बाजूनें काढतों. वडील मंडळींस आमची एवढीच विनंती कीं, पोरांस ‘ताठ बस’ म्हणण्यापूर्वीं आपणहि एकदां आरशापुढें आडवें उभें राहून पाहावें.